गाय उलटते, शेळी रिकामी राहते: माजापासून वार पडेपर्यंत काय करायचं

"डॉक्टर, गाय तिसऱ्यांदा उलटली. या वेळी दुसऱ्या वळूची कांडी टाकू का?" असा फोन आला की मी कांडीबद्दल, म्हणजे गोठवलेल्या रेताच्या (वीर्याच्या) त्या बारीक नळीबद्दल, आधी काहीच बोलत नाही. उलटली म्हणजे भरवूनही (रेतन करूनही) गाभण राहिली नाही, पुन्हा माजावर आली. विचारतो, "मागचा माज कुठल्या तारखेला दिसला? किती वाजता? आणि भरवली किती वाजता?" पलीकडून बहुतेक वेळा उत्तर येतं, "पौर्णिमेच्या आसपास असेल बघा."

पौर्णिमेचा हा हिशोब आपल्याकडे फार जुना आहे. पण चंद्राचं चक्र साडेएकोणतीस दिवसांचं आणि गायीचं 21 दिवसांचं, त्यामुळे दोन्ही जुळणं निव्वळ योगायोग. वळू बदलल्याने फळलेल्या गायी मी थोड्याच पाहिल्या. भरवायची वेळ बदलल्यावर फळलेल्या मात्र पुष्कळ पाहिल्या. म्हणून या लेखात औषधं शेवटी येतील, घड्याळ आणि वही आधी.

गायीच्या पोटातलं घड्याळ

गाय साधारण 21 दिवसांनी माजावर येते. 18 ते 24 दिवस हे सगळं नैसर्गिकच धरायचं. माज टिकतो 12 ते 18 तास. आता गंमत अशी की स्त्रीबीज माजात असताना सुटत नाही. माज ओसरल्यावर 10 ते 12 तासांनी सुटतं, आणि सुटल्यावर ते फलनक्षम राहतं जेमतेम 6 ते 12 तास. उलट शुक्राणूंना गर्भाशयात गेल्या गेल्या काही करता येत नाही. बीजाला भेदण्याची ताकद यायला त्यांना 6 ते 8 तास लागतात, मग ते एखादा दिवस तग धरतात. थोडक्यात, पाहुण्यांनी मांडवात आधी येऊन बसलेलं असावं आणि नवरी नंतर यावी, असा हा मुहूर्त आहे. माज दिसला की धावत जाऊन भरवली तर शुक्राणू थकून जातात; दुसऱ्या दिवशी सवडीने भरवली तर बीज शिळं झालेलं असतं.

अमेरिकेतल्या नेब्रास्का विद्यापीठात ट्रिंबर्जर यांनी हे तपासलं आणि 1948 मध्ये प्रसिद्ध केलं. त्यातूनच आपण आजही वापरतो तो नियम रुजला: सकाळी माज दिसला तर त्याच दिवशी संध्याकाळी भरवा, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. पुढे 1998 मध्ये व्हर्जिनियात गायींच्या माकडहाडाजवळ दाब मोजणारी यंत्रं चिकटवून, दुसऱ्या गायीची पहिली उडी नेमकी केव्हा झेलली ते टिपलं गेलं. तेव्हा सर्वांत चांगला काळ निघाला माज सुरू झाल्यापासून 4 ते 12 तासांचा. आकडे वेगळे दिसले तरी दोन्हींत भांडण नाही. आपल्याला माज "दिसतो" तेव्हा तो आधीच काही तास चालू असतो. पहाटे साडेपाचला दिसलेली गाय कदाचित रात्री एकपासूनच माजावर असेल. त्यामुळे माझा सल्ला असा: रात्री नऊ-दहाला गाय शांत होती हे नक्की माहीत असेल आणि पहाटे माज दिसला, तर दुपारनंतर भरवा. रात्री बघितलंच नसेल तर संध्याकाळपर्यंत ताणू नका, दुपारीच माणूस बोलवा.

माज पकडणं: इथेच सगळं हुकतं

पुस्तकात लिहिलेलं असतं की माजावरची गाय दुसरीला अंगावर उडू देते आणि स्थिर उभी राहते. हे लक्षण शंभर नंबरी खरं. पण दावणीला बांधलेली गाय कुणाला उडू देणार? आपले निम्मे गोठे असे की हे लक्षण दिसायची सोयच नाही. मुक्त संचार गोठा केलेल्यांना दूध वाढल्याचं कौतुक असतं. मला विचाराल तर त्याचा खरा फायदा माज दिसण्यात आहे. कुंपण घालून थोडी जागा मोकळी केली आणि गायींना सकाळी-संध्याकाळी अर्धा-अर्धा तास सोडलं, तरी पुष्कळ काम होतं. फक्त जागा निसरडी नको. पाय घसरण्याची भीती असली की गाय उडत नाही.

बांधूनच ठेवायच्या असतील तर हे बघा. सोट, म्हणजे माजात निरणातून येणारा चिकट स्राव, ज्याला काही भागात बळस म्हणतात, तो काचेसारखा स्वच्छ, तारेसारखा लोंबणारा असतो; शेपटीला, मांडीला चिकटून वाळलेला दिसतो. निरण (योनीद्वार) किंचित सुजलेलं आणि आतून लालसर. गाय सारखी थोडं थोडं मुतते, हंबरते, कान टवकारून इकडेतिकडे बघते, वैरण अर्धवट टाकते, आणि दूध अचानक एक-दोन लिटरने कमी देते. यातलं एकच लक्षण दिसलं तर शंका घ्या, तीन दिसली तर नोंद करा.

बघायची वेळ महत्त्वाची. पहाटे धारेच्या आधी, दुपारी उशिरा, आणि रात्री झोपण्यापूर्वी बॅटरी घेऊन एकदा. या तिसऱ्या फेरीचा कंटाळा सगळ्यांनाच येतो आणि बरेच माज नेमके रात्री-पहाटे सुरू होतात. धार काढताना किंवा शेण ओढताना जाता जाता बघणं धरू नका; त्या वेळी लक्ष कासेत आणि घमेल्यात असतं. पहाटे गाय उठल्यावर ती बसलेल्या जागी मागच्या बाजूला जमीन बघा, सोट तिथेच सापडतो. म्हशीच्या बाबतीत तर हाच मुख्य पुरावा, कारण म्हशीचा माज मुका असतो, उन्हाळ्यात जवळजवळ अदृश्यच. तो दिवाळीच्या सुमारास गारवा पडला की बोलका होतो.

सोटाचा रंग बघायला विसरू नका. त्यात पांढरे कण किंवा पू दिसला तर त्या माजाला भरवायची नाही; गर्भाशयात जंतुसंसर्ग आहे, आधी उपचार. आणि माजानंतर एक-दोन दिवसांनी रक्ताचे थेंब दिसले तर घाबरू नका. गाय फळली नाही असा त्याचा अर्थ नाही, फळली असाही नाही. माज होऊन गेला, एवढंच ते सांगतं. तुम्हाला माज दिसलाच नसेल तर हा फुकटचा निरोप समजा: तारीख लिहा, पुढचा माज साधारण 19 दिवसांनी पकडा. रक्त दिसल्यावर घाईने भरवून आणणारे लोक अजून भेटतात. त्या कांडीचे पैसे पाण्यात जातात.

भरवण्याआधी गायीच्या फासळ्या मोजा

व्यायल्यानंतर गर्भाशय पूर्ववत व्हायला दीड महिना लागतो. 45 दिवसांच्या आत माज आला तर लिहून ठेवा, भरवू नका. 60 ते 90 दिवसांत गाय गाभण राहिली की वर्षाला वासराचा हिशोब जमतो.

पण जास्त दुधाच्या संकरित गायी या काळात माजच दाखवत नाहीत. व्यायल्यावर दूध झपाट्याने चढतं आणि खाणं त्या वेगाने वाढत नाही, म्हणून गाय स्वतःच्या अंगावरची चरबी जाळून दूध देते. शरीराला हे कळतं आणि ते प्रजनन बाजूला ठेवतं. गायीच्या शरीराला 1 ते 5 गुण देतात: 1 म्हणजे हाडांचा सापळा, 5 म्हणजे लोणी. विताना 3 ते 3.5 असावा आणि नंतर 2.5 च्या खाली जाऊ नये. तळहात बरगड्यांवर ठेवा. हाड सहज मोजता येत असेल तर इंजेक्शनापेक्षा आधी गव्हाण बघा. विण्याच्या तीन आठवडे आधीपासून आंबोण (पेंड-भरड्याचा खुराक) हळूहळू वाढवणं, नंतर चांगला चारा, खनिज मिश्रण आणि जंतनाशक, यावरच हे अवलंबून आहे. कालवड वयावर भरवू नका, वजनावर भरवा. संकरित कालवड 250 किलोच्या पुढे गेल्यावरच.

रेतनाच्या दिवशी गोठ्यात काय बघायचं

तंत्रज्ञ येऊन हात घालेल, आपण शेपटी धरायची, अशी आपली समजूत. मी म्हणतो, तुम्हीही चार गोष्टी बघा, कारण गाय तुमची आहे.

गोठवलेल्या रेताचा इतिहास एका चुकीतून सुरू झाला, हे सांगायचा मोह आवरत नाही. 1949 मध्ये लंडनच्या पोल्ज, स्मिथ आणि पार्क्स या संशोधकांनी ग्लिसरॉलमुळे शुक्राणू गोठूनही जिवंत राहतात हे दाखवलं. त्याआधी ते साखरेच्या द्रावणांवर प्रयोग करत होते, आणि बाटल्यांवरच्या चिठ्ठ्यांच्या गोंधळात ग्लिसरॉलची बाटली हाती आली होती. आज तुमच्या दारात येणाऱ्या कंटेनरमध्ये उणे 196 अंशांचं द्रवरूप नत्र असतं, ते याच गोंधळाचं फळ.

कांडी बाहेर काढल्यावर 37 अंशांच्या कोमट पाण्यात साधारण 30 सेकंद ठेवायची असते. पाण्यात तापमापक असावा. बोटाने अंदाज घेणं चालत नाही. खिशात, काखेत किंवा तळहातात चोळून गरम केलेली कांडी अर्धी मेलेली असते. नंतर ती पुसून कोरडी करायची, कारण पाण्याचा थेंबही शुक्राणू मारतो. मग लगेच, पाच-दहा मिनिटांत, गर्भाशयमुख ओलांडून जेमतेम पुढे रेत सोडायचं. गन (रेत सोडायची नळी) फार आत, गर्भाशयाच्या एका शिंगात म्हणजे फाट्यात, घातली तर नुकसान होतं, मुखाच्या अलीकडे सोडली तर बरंचसं रेत बाहेर येतं. कांडीवर वळूचा क्रमांक, जात आणि तारीख छापलेली असते. रिकामी कांडी मागून घ्या आणि वहीच्या पानाला चिकटवा. माझ्या ओळखीच्या एका गोठ्यात अशी सहा वर्षांची वही आहे. तिथे माझं काम निम्मं होतं.

मादी वासरू हवं म्हणून लिंगनिर्धारित रेत हल्ली बरेच जण मागतात. स्त्रीलिंगी गुणसूत्राच्या शुक्राणूत जनुकद्रव्य सुमारे 4 टक्के जास्त असतं, त्यावरून यंत्र त्यांना वेगळं काढतं. सुमारे 90 टक्के वासरं कालवडी होतात. पण वेगळं काढताना शुक्राणूंना त्रास होतो आणि कांडीत त्यांची संख्याही कमी असते, म्हणून फळण्याचं प्रमाण घटतं. अशी कांडी निरोगी कालवडीला किंवा नियमित माजाच्या गायीला, आणि वेळ अचूक माहीत असेल तेव्हाच वापरा. तीनदा उलटलेल्या गायीवर ती वाया घालवू नका.

तारखा मांडा

समजा गाय 10 जूनला भरवली. भिंतीवरच्या कॅलेंडरवर लगेच या खुणा करा. 28 जून ते 4 जुलै: पुन्हा माज येतो का, रात्रीच्या फेरीसह डोळ्यांत तेल घालून बघा. 10 जुलै: सोनोग्राफीची सोय असेल तर महिन्यातच गर्भ दिसतो. 9 ऑगस्ट: हाताने गर्भतपासणी. 16 जानेवारी: गाय आटवायची, म्हणजे धार काढणं बंद करायचं. 17 मार्च: अंदाजे विण्याची तारीख. सोपा हिशोब म्हणजे नऊ महिने अधिक सात दिवस. पाच-सात दिवस मागेपुढे होतात. म्हशीला यात आणखी महिना धरा.

"माज परत आला नाही म्हणजे गाभण आहे" हे वाक्य गोठ्यात सर्वांत महाग पडतं. माज आला असेल, तुम्ही झोपला असाल. दोन महिन्यांनी तपासणी केली नाही तर रिकामी गाय पाच-पाच महिने गाभण म्हणून पोसली जाते. रोजच्या चारा-पेंडीच्या खर्चाला 21 ने गुणा, एका हुकलेल्या माजाची किंमत कळेल.

तरीही उलटली तर

माज नियमित, सोट स्वच्छ, तीन किंवा अधिक वेळा भरवून फळत नाही: अशा गायीला आपण उलटणारी म्हणतो. आधी वही उघडा. दोन माजांतलं अंतर 21 दिवस असेल तर बहुधा फलनच होत नाही किंवा गर्भ अगदी सुरुवातीला जातो. वेळ आणि रेतन तपासा. अंतर 30-35 दिवसांचं येत असेल तर गर्भ राहून जातोय, संसर्गाचा संशय घ्या. अंतर कधी 12, कधी 40 असेल तर माज ओळखण्यातच चूक आहे. माज दीड-दोन दिवस लांबत असेल तर बीज उशिरा सुटत असावं. तिथे डॉक्टर दुसऱ्यांदा भरवायला किंवा संप्रेरक द्यायला सांगतात. ही अंतरं सांगू शकलात तर तपासणी पाच मिनिटांत दिशा पकडते.

माज न पकडता ठरल्या वेळी भरवण्याची पद्धतही आहे. 1995 मध्ये विस्कॉन्सिनच्या संशोधकांनी ती मांडली: पहिल्या दिवशी जीएनआरएच (बीज सोडायला लावणारं संप्रेरक), सात दिवसांनी प्रोस्टाग्लँडिन (माज आणणारं), त्यानंतर दोन दिवसांनी पुन्हा जीएनआरएच आणि मग 16 ते 20 तासांत रेतन. मोठ्या गोठ्यात उपयोगी, पण हाडं दिसणाऱ्या गायीवर चालत नाही. आणि ही इंजेक्शनं दुकानातून आणून स्वतः टोचू नका. प्रोस्टाग्लँडिन गाभण जनावराला दिलं तर गर्भपात होतो. ते माणसाच्या कातडीतूनही शिरतं. गरोदर बाईने आणि दम्याच्या रुग्णाने त्या बाटलीला हात लावायचा नाही.

आणखी एक, अगदी थोडक्यात: खोंडाच्या जुळ्यासोबत जन्मलेली कालवड दहात नऊ वेळा वांझ निघते, कारण गर्भात दोघांचं रक्त एकमेकांत मिसळलेलं असतं. तिच्यावर दोन वर्षं खर्च करण्याआधी तपासून घ्या.

शेळीचं गणित निराळं

शेळीही 21 दिवसांच्या आसपास माजावर येते, पण माज 24 ते 48 तास टिकतो आणि बीज माजाच्या शेवटाकडे सुटतं. म्हणून पहिल्या लक्षणानंतर 12 तासांनी एकदा आणि 24 तासांनी पुन्हा बोकड दाखवावा. लक्षणं सोपी: शेपटी सारखी हलवणं, ओरडणं, बोकडाच्या कुंपणाशी जाऊन उभं राहणं. कळपात शोधायला पोटाला फडकं बांधलेला बोकड सकाळ-संध्याकाळ फिरवा. गाभण काळ 150 दिवसांचा: 10 जूनला लागलेली शेळी 7 नोव्हेंबरच्या सुमारास व्यायची.

सगळ्या शेळ्या एकाच सुमाराला विताव्यात असं वाटत असेल तर संप्रेरकांच्या आधी बोकडाचा वास वापरून बघा. बोकड किमान महिनाभर इतका लांब ठेवा की दिसणार नाही, ओरडलेला ऐकू येणार नाही, वासही येणार नाही. मग एकदम कळपात सोडा. बऱ्याच शेळ्या आठवडा-दहा दिवसांत माजावर येतात. काहींचा पहिला माज कच्चा असतो आणि पाच-सात दिवसांत पुन्हा येतो, तो खरा धरायचा. याच काळात, म्हणजे बोकड सोडायच्या दोन-तीन आठवडे आधीपासून, प्रत्येक शेळीला 200 ते 300 ग्रॅम मका किंवा भरडा वाढवून द्या. जुळ्यांचं प्रमाण वाढवायचा हा सर्वांत स्वस्त उपाय. उस्मानाबादी मुळात जुळ्यांसाठी प्रसिद्ध, पण उपाशी उस्मानाबादीही एकच करडू देते. मेंढ्यांत मात्र गोष्ट जनुकाची निघाली: फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बंगालच्या गारोळे मेंढीतला जुळ्यांचा जनुक दख्खनी मेंढीत आणून नारी सुवर्णा हा वाण तयार केला.

वीस-पंचवीस शेळ्यांना एक बोकड पुरे. दर दोन वर्षांनी तो बदला, नाहीतर तो स्वतःच्याच पाठींवर (मादी पिल्लांवर) जातो. निवडताना जुळ्यातला बोकड घ्या, दोन्ही अंडकोष सारखे आणि भरदार बघा. युरोपीय जातींत बिनशिंगी बोकड आणि बिनशिंगी शेळी यांच्या जोडीतून नर-मादीची मिश्र लक्षणं असलेली वांझ करडं निघतात, हे सिद्ध झालेलं आहे. सानेन या युरोपीय जातीचा संकर पाळत असाल तर बोकड शिंगाचाच ठेवा.

बकरी ईदसाठी बोकड तयार करणाऱ्यांनी तारीख मागे मोजावी. कुर्बानीला बोकड वर्षाचा पूर्ण हवा, त्याआधी पाच महिने गर्भाचे, म्हणजे शेळी बोकडाला लागायला हवी किमान सतरा महिने आधी. ईद दरवर्षी सुमारे 11 दिवस अलीकडे सरकते. 2028 ची ईद मेच्या पहिल्या आठवड्याच्या आसपास येते, तर शेळ्या डिसेंबर 2026 च्या सुरुवातीपर्यंत लागायला हव्यात. गेल्या वर्षीच्या महिन्यावर विसंबून बोकड सोडणाऱ्यांची करडं ईदला दोन दात नसलेली राहतात आणि भाव पडतो.

विताना

पाण्याची पिशवी दिसल्यावर गाय तास-दोन तासांत पुढे सरकली नाही, किंवा शेळी अर्धा-पाऊण तास कळा देऊनही काही दिसलं नाही, तर ओढाताण न करता डॉक्टर बोलवा. चीक पहिल्या दोन तासांतच पाजा. वार (विल्यानंतर पडणारं गर्भाचं वेष्टन) पडायची वाट बघत वासराला उपाशी ठेवू नका.

गायीची वार आठ ते बारा तासांत पडते. अडकली तर तिला वीट, दगड किंवा जुनी चप्पल बांधायची पद्धत अजून दिसते. त्या वजनाने गर्भाशय फाटतं किंवा मायांग (उलटलेलं गर्भाशय वा योनी) बाहेर येतं, आणि पुढचे तीन-चार महिने गाय उलटत राहते. हाताने ओढून काढलेल्या वारेचाही परिणाम तोच. लोंबणारी वार तशीच राहू द्या, ताप बघा, डॉक्टरांना कळवा.

गर्भ सहाव्या-सातव्या महिन्यात पडला तर सांसर्गिक गर्भपाताची (ब्रुसेलोसिसची) शक्यता आधी धरा. हा रोग माणसाला होतो; महिनोन्महिने येणारा-जाणारा ताप आणि सांधेदुखी मागे लागते. पडलेलं वासरू आणि वार उघड्या हाताने उचलू नका, कुत्र्यांना खाऊ देऊ नका, चुना टाकून खोल पुरा, आणि रक्ततपासणी होईपर्यंत त्या गोठ्यातलं दूध उकळल्याशिवाय कुणाला देऊ नका. यावरची लस कालवडींना 4 ते 8 महिन्यांच्या वयात आयुष्यात एकदाच टोचतात. 2019 पासून ती राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात आहे. गाभण गायीला ती द्यायची नसते. कालवडीच्या कानातल्या बारा आकडी बिल्ल्यासमोर लस टोचल्याची तारीख त्याच वहीत लिहा.